अंगणातल्या इंजिनाचा पंचनामा

महसूल खात्यात सारी हयात घालवून अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, ज्या दिवशी आमच्या बेळगावच्या खासबागेतील घराच्या अंगणात एका स्पोर्ट्‌स मोटारीचे इंजिन उतरविण्याचे ठरले, त्या दिवशी सकाळी स्नान उरकून प्रथम जे काही केले ते पाना हाती घेण्याचे नव्हे, तर दोनशे पानी वहीवर तांबड्या शाईने खाने आखण्याचे होते. अनुक्रमांक, वस्तू, कोठून काढली, नग व आकार, आणि शेरा असे ते पाच खाने. आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आपल्या घोटीव अक्षरात ‘पंचनामा’ असे मथळ्यादाखल लिहिले तेव्हा माझा पुतण्या, जो त्या मोटारीचा मालक, आणि वडगावहून आलेले मिस्त्री हे दोघेही एकमेकांकडे पाहून हसले. पुढे अडीच महिने ते काम चालले, आणि त्या अवधीत पान्यांपेक्षा, जॅकपेक्षा, किंबहुना मिस्त्रींच्या वीस वर्षांच्या अनुभवापेक्षाही त्या वहीचा उपयोग अधिक झाला, असे मी हे सर्व जवळून पाहिलेला मनुष्य या नात्याने सांगू शकतो. इंजिन उतरविणे हे बळाचे काम आहे असा जो सर्वसाधारण समज आहे तो अर्धवट खरा आहे. ते मुख्यत्वेकरून दप्तराचे काम आहे.

मोटारीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ती रोज रस्त्यावर दिसणाऱ्यांपैकी नव्हे. सॅन स्टॉर्म या नावाची ही दोन दारांची, दोन आसनांची, टप उघडणारी छोटी मोटार १९९८ साली बाजारात आली आणि ती तयार होत असे घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या आमच्या शेजारच्या गोव्यात. आराखडा फ्रेंच, अंग फायबरग्लासचे, आणि आत रेनॉ कंपनीचे चार सिलिंडरांचे, ११४९ घनसेंटिमीटरचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, जे युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या साध्या घरगुती मोटारींतून लाखोंनी धावले. स्पोर्ट्‌स कार या शब्दाने ज्यांच्या डोळ्यांपुढे इटालियन नावे उभी राहतात त्यांना साठ अश्वशक्तीचा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु मोटारीचा खेळकरपणा शक्तीवर जेवढा अवलंबून असतो तेवढाच तिच्या हलकेपणावर आणि जमिनीलगत बसण्यावरही असतो, आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर टप उघडून या गाडीतून गेलेल्या मनुष्याशी त्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही. अशा गाड्या थोड्याच निघाल्या आणि कारखानाही बंद झाला, त्यामुळे ज्या काही शिल्लक आहेत त्या हौशी माणसांच्या दारात आहेत. पुतण्याने तीन वर्षांपूर्वी त्यांतली एक मडगावकडच्या एका गृहस्थांकडून विकत घेतली.

ती बिघडली त्यात गाडीचा दोष नव्हता. दोष आमचा होता, आणि तात्यांच्या भाषेत त्याचा कबुलीजबाब येथेच देऊन टाकतो. गोव्याहून चोर्ला घाट चढून येताना उष्णतामापकाचा काटा चढत चालल्याचे आम्ही दोघांनीही पाहिले, आणि कणकुंबी तर आलीच आहे, तेथे चहा घेऊ आणि तेव्हाच पाहू, असे म्हणून गाडी तशीच दामटली. रेडिएटरची एक रबरी नळी क्लिपेपाशी जुनी होऊन चिरली होती आणि थेंबाथेंबाने पाणी जात होते. कणकुंबीला बॉनेट उघडल्यावर वाफेचा लोट उठला. आम्ही पंधरा मिनिटे थांबलो, जाडजूड फडक्याने टोपण सोडवले, आणि टपरीवरच्या घागरीतले गार पाणी आत ओतले. मलप्रभेचा उगम असलेल्या त्या गावातील पाणी अतिशय गार असते. ते पंधरा मिनिटांत न निवलेल्या इंजिनात ओतणे हे तापलेल्या काचेच्या पेल्यात बर्फ टाकण्यासारखेच होय. गाडी जांबोटीपर्यंत खोकत खोकत आली आणि पुढे एका टेम्पोवर चढून खासबागेत.

या ठिकाणी थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. या इंजिनाचा खालचा भाग, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो ओतीव लोखंडाचा असतो, आणि त्याच्यावर बसणारे झाकण, म्हणजे हेड, हे ॲल्युमिनियमचे असते. एक अंश उष्णता वाढली की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांश तेवीस भागांनी वाढते, लोखंड अकरा भागांनी. साडेतीनशे मिलिमीटरांच्या आसपास लांबीचे हेड सकाळच्या गारव्यापासून चालत्या इंजिनाच्या उष्णतेपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तर अंश, तापले की ते अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक वाढते आणि त्याच्या खालचे लोखंड त्याच्या निम्मेच वाढते. एकमेकांना दहा बोल्टांनी घट्ट जखडलेल्या या दोन धातूंमध्ये दर फेरीला हा पाव मिलिमीटराहून जास्त फरक पडतो, आणि तो सोसण्याचे काम मधल्या पातळ पत्र्याकडे, गॅस्केटकडे, सोपविलेले असते. शिवाय एका बाजूला स्फोटाचा दाब, दुसऱ्या बाजूला पाण्याचे मार्ग, तिसऱ्या बाजूला तेलाचे मार्ग, या तिघांनाही परस्परांत मिसळू न देण्याचे कामही तिचेच. इंजिन माफक तापेल तोवर ती हे सर्व निभावते. पाणी संपले, उष्णता हाताबाहेर गेली, आणि त्यावर एकाच बाजूने गार पाण्याचा मारा झाला, की हेड वाकते, गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळते, आणि तिघांमधल्या भिंती कोसळतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांस नव्हे, तर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवलाच उकळते. रेडिएटरचे टोपण दाब धरून ठेवते आणि पाण्यात निम्मे कूलंट मिसळलेले असते म्हणून एरवी हा प्रश्न येत नाही. चिरलेल्या नळीपुढे टोपणाचा दाब टिकत नाही, आणि घागरीतल्या पाण्यात कूलंट नसते.

तेलाच्या टोपणाखाली दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर जमला होता. मिस्त्रींनी तो बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, आणि फक्त एवढेच म्हणाले, “हेड काढाय लागणार, मालक.”

हेड काढण्यास वस्तुतः संपूर्ण इंजिन उतरवावे लागत नाही. ते गाडीतच राहून निघू शकते. परंतु तेलात पाणी गेलेले होते, त्या तेलावर इंजिन कणकुंबीपासून जांबोटीपर्यंत चालले होते, आणि ज्या बेअरिंगांना तेलाचा एक पातळ थर एवढाच आधार असतो त्यांची अवस्था खालून उघडल्यावाचून कळणार नव्हती. ज्या दोन ठिकाणी चौकशी केली तेथे सुटे भाग मिळत नाहीत या सबबीवर नकार मिळाला. पुतण्याने घरीच काम करण्याचा निश्चय केला, तात्यांनी वही आखली, आणि मिस्त्री रविवार व संध्याकाळ मिळून यावयाचे कबूल झाले.

आता खासबाग. खास म्हणजे राजाच्या खाजगीतली, अशी बाग. नावातली बाग नावातच राहिली आहे आणि तिच्या जागी शहापूर-वडगावला लागून असलेली दाट वस्ती, रविवारचा बाजार आणि विणकरांचे माग आहेत. आमच्या अंगणाच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे चार यंत्रमाग दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. ज्याला बाहेरगावी झोप लागत नाही तो मनुष्य खासबागेचा, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात, कारण खटखटीवाचून त्याला चैन पडत नाही. परंतु इंजिनाच्या दृष्टीने खटखटीपेक्षा महत्त्वाची वस्तू म्हणजे तूस. मागावर सूत घासले जाते त्यातून उडणारे अतिसूक्ष्म तंतू खासबागेच्या हवेत सदैव तरंगत असतात. खिडकीच्या गजावर, तुळशीच्या पानावर, चहाच्या बशीतही ते उतरतात. मिस्त्री पहिल्याच दिवशी आले, अंगण पाहिले, भिंतीपलीकडचा आवाज ऐकला, आणि त्यांनी काम सुरू करण्यापूर्वी ताडपत्रीचा मांडव घालावयास लावला. तेलाच्या जाळीत तूस अडकले तर तेल वर चढत नाही, आणि तेल न चढलेले इंजिन काही मिनिटांत संपते. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, जगभरच्या गॅरेजांत हात पुसावयास जे वापरतात, ते सुताचे वेस्ट, खासबागेत पैशाला पासरी मिळत असूनही मिस्त्रींनी इंजिनाच्या जवळ फिरकू दिले नाही. पुसण्यासाठी जुन्या धुतलेल्या सुती चादरीचे तुकडे, तेही काठ शिवून घेतलेले. शेजारचे विणकर मामा हे पाहून म्हणाले, “आमच्याच सुताला आमच्या गल्लीत बंदी?” आणि हसत हसत आपल्या मागाच्या खिडकीला त्यांनी त्या बाजूने पोते लावून दिले.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. ऋण आधी, कारण धन तार सोडविताना पाना चुकून गाडीच्या लोखंडाला लागला तर ठिणगी उडते. ऋण आधी सुटली असेल तर मंडल पूर्णच होत नाही. त्यानंतर पेट्रोलच्या नळीतला दाब सोडविणे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत ही भानगड नव्हती, पण इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद असतानाही नळीत पेट्रोल दाबाखाली उभे असते आणि जोड एकदम सोडल्यास तोंडावर फवारा येतो. तूस, पेट्रोलची वाफ आणि मागाच्या मोटारीची ठिणगी ही त्रिस्थळी यात्रा टाळण्यासाठी हे काम पहाटे, माग बंद असताना, उघड्यावर केले. मग गार इंजिनातले पाणी, तेल, गिअरबॉक्सचे तेल अशी तीन भांडी भरली. तेल गटारात ओतावयाचे नाही, ही तात्यांची सक्त ताकीद होती. आमच्या भागाचे सांडपाणी बळ्ळारी नाल्याला मिळते आणि तो नाला शहापूर-वडगावच्या भातशिवारातून जातो. जुने तेल कॅनमध्ये भरून ते गोळा करणाऱ्याला दिले आणि वहीत तशी नोंद झाली.

नळ्या, तारा आणि त्यांचे जोड सोडविण्यात दोन रविवार गेले, आणि येथेच वहीचे माहात्म्य प्रथम पटले. पुतण्या प्रत्येक गोष्टीचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेत होता, ते उत्तमच. परंतु छायाचित्रात बोल्ट दिसतो, त्याची लांबी दिसत नाही. एकाच झाकणाला दोन लांबींचे बोल्ट असतात, आणि लांब बोल्ट आखूड भोकात घालून जोर लावला तर पलीकडची ॲल्युमिनियमची भिंत फुटते. तात्यांनी प्रत्येक बोल्ट पट्टीवर मोजला, पुठ्ठ्यावर त्या झाकणाची आकृती काढून त्याच्या भोकात तो खोचला, पुठ्ठ्याला क्रमांक दिला आणि तो क्रमांक वहीत घेतला. तारांच्या जोडांना कापडी पट्ट्या बांधून त्यांवर दोन्ही बाजूंस एकच आकडा. जमिनीच्या सातबारावर एका गुंठ्याची चूक झाली तर तीन पिढ्या कोर्टात जातात, हे ज्याने छत्तीस वर्षे पाहिले, त्याला आठ मिलिमीटरच्या बोल्टाकडे दुर्लक्ष करणे जमण्यासारखे नव्हते.

चाकांना शक्ती पोचविणारे दोन दांडे आतल्या टोकाला गिअरबॉक्समधून ओढून काढले आणि बाहेरचे टोक चाकातच ठेवून दोरीने वर बांधले. ते समूळ काढले असते तर चाकाच्या बेअरिंगला जखडणारे काही उरत नाही आणि तशी गाडी ढकलल्यास बेअरिंग दुखावते. आता इंजिन केवळ तीन रबरी माउंटिंगांवर उभे होते. ते गिअरबॉक्ससह उचलावयाचे, म्हणजे शंभर किलोंच्या वरचे ओझे. पुतण्याचा विचार पडवीच्या सागवानी तुळईला साखळी बांधण्याचा होता. मिस्त्रींनी तुळईकडे पाहिले, छपराकडे पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीतले पंप वर काढणाऱ्या लोकांकडून लोखंडी नळांची तिपाई आणि एक टनाची चेन कुप्पी घेऊन आले. जुन्या घरांच्या तुळया छपराचा भार भिंतींवर वाटून देण्यासाठी घातलेल्या असतात. मधोमध एका बिंदूवर ओझे लटकविण्याचा हिशेब त्यांत नसतो.

उचलताना इंजिन सरळ वर येत नाही. एक बाजू खाली करून, गिअरबॉक्स आधी अन्‌ इंजिन मागाहून, असे तिरपे काढावे लागते, आणि म्हणून साखळी दोन ठिकाणी बांधून मधला आकडा सरकता ठेवतात. चार बोटे वर उचलल्यावर मिस्त्रींनी थांबवले. सर्वांनी चहूबाजूंनी पाहिले. एक लहान पृथ्वीतार, जी वहीत नव्हती, ताणली गेलेली दिसली; ती सोडविली आणि वहीत घेतली. फायबरग्लासच्या अंगाला साखळीचा एक फटका लागला तरी ते तडकते, म्हणून गाडीच्या तोंडावर आईने दिलेल्या दोन वाकळी पसरल्या होत्या. इंजिन पुरेसे उंच गेल्यावर ते बाजूला झुलविले नाही, तर त्याच्या खालून गाडी मागे ढकलली. हे पाहून गल्लीतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि मी मान्य केले पाहिजे की मीही पिटल्या.

टायरवर टेकविलेल्या इंजिनापाशी तात्या चष्मा पुसत आले आणि त्यांनी ब्लॉकवर कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. आर.टी.ओ.त चेसिस क्रमांकाचा ठसा घेतात तसा. गाडी गोव्याची, म्हणजे तिकडचा ना हरकत दाखला घेऊन ती येथे के.ए. २२ वर चढविण्याचे प्रकरण अद्याप चालू होते. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो. इंजिन दुरुस्त करण्यास कोणाची परवानगी लागत नाही, पण ब्लॉकच बदलला तर नोंदणीपुस्तकातला क्रमांक बदलून घ्यावा लागतो, अन्यथा कागद आणि लोखंड यांचा मेळ बसत नाही. इंजिन परत आत गेल्यावर हा क्रमांक दिसण्याजोगा राहणार नव्हता. ठसा वहीच्या शेवटच्या पानावर चिकटविला गेला.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, नागमोडी क्रमाने, थोडे थोडे सोडवावे लागतात. एकच सपाटून सोडविला तर उरलेल्यांचा ताण वाकलेल्या हेडला आणखी वाकवितो. ते निघाल्यावर गॅस्केटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या मधला पट्टा काळाठिक्कर पडून तुटलेला स्पष्ट दिसला. मिस्त्रींनी हेड उलटे ठेवले, पोलादी सरळपट्टी त्यावर आडवी धरली, आणि खालून फीलर गेजची पाती एकेक करून सरकवून पाहू लागले. अशा हेडला पाच शतांश मिलिमीटरहून अधिक वाक चालत नाही. मनुष्याचा केस सात-आठ शतांश असतो. पाच शतांशाचे पाते सहज गेले, दहाचे गेले, पंधराचे अडखळत गेले. त्या वेळी विणकर मामा मांडवात उभे होते. पंधराचे पाते त्यांनी मागून घेतले, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून डोळे मिटले, आणि मग दहाचे पाते तसेच धरून म्हणाले, “हे बारीक.” आम्ही पाती अदलाबदल करून तीनदा विचारले, तीनदा ते बरोबर आले. ज्यांची बोटे ऐंशी आणि शंभर नंबरच्या सुतातला फरक ओळखतात त्यांना त्यात नवल वाटले नाही. नवल आम्हाला वाटले.

हेड सपाट करून देणे हे घरचे काम नव्हे. घरी उघडता येते, धुता येते, मोजता येते, जोडता येते. परंतु धातू कापून शतांशात आणावयाचा तर त्याला कारखानाच लागतो, आणि येथे बेळगावकरांचे नशीब थोर आहे. तिसऱ्या रेल्वे फाटकाकडून उद्यमबागेत शिरले की एका बाजूस ओतकामाचे कारखाने, दुसऱ्या बाजूस क्रँकशाफ्ट घासून देणारे, तिसरीकडे हायड्रॉलिक्सचे पंप आणि व्हॉल्व्ह घडविणारे, अशी रांगच्या रांग लागते. हे कसब या मातीत केव्हा रुजले याचा शोध घेऊ जाता हटकून एका सायकलच्या दुकानापाशी येऊन थांबावे लागते. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना त्यांनी आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नोकरी सोडून लक्ष्मणराव येथेच आले, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवू लागले. आणि बेळगावात कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावच्या एका रस्त्याला आजही त्यांचे नाव आहे. बेळगावने किर्लोस्कर गमावले याची हळहळ आमच्या वडीलधाऱ्यांना अद्याप वाटते. किर्लोस्कर गेले, मागे लेथ राहिले, असे म्हणणे कदाचित इतिहासाच्या काटेकोर कसोटीस उतरणार नाही, पण मला ते पटते. निपाणीच्या पलीकडे इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिकमतीने ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडविली आणि तिचे एकामागून एक नमुने करीत आयुष्याची वर्षे खर्ची घातली. परवान्याविना ती बाजारात आली नाही. मागांच्या गावी मोटारी सुचाव्यात, यात मला तरी योगायोग दिसत नाही. माग दुरुस्त करणाऱ्याला खटका, दात्याचे चक्र आणि वेळेवर येणारा धोटा यांची सवय असते, आणि इंजिन तरी दुसरे काय असते?

उद्यमबागेत हेडला तडा गेला आहे काय हे दाबाखाली पाणी भरून तपासले. गेला नव्हता, हे आमचे पूर्वसुकृत. मग पृष्ठभागावरून जेवढे अत्यावश्यक तेवढेच कापून घेतले. फार कापले तर ज्वलनाची पोकळी लहान होते, दाब वाढतो आणि इंजिन ठोकू लागते.

ब्लॉकची तपासणी त्या मानाने सुखरूप झाली. सिलिंडरांचा व्यास वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभा-आडवा मोजला, कारण पिस्टन एका बाजूस जास्त रेटतो आणि वर्तुळ हळूहळू लंबगोल होत जाते. व्यास मूळ एकोणसत्तर मिलिमीटरच्या मर्यादेत निघाला. बोअर करण्याची गरज नव्हती, नव्या रिंगा पुरेशा होत्या. तळाची बेअरिंगे मात्र पाण्याने डागाळली होती. त्यांची शेल नवी घातली, आणि ती घालताना प्लास्टिगेज म्हणून जी मेणासारखी तार मिळते ती क्रँकच्या गोल भागावर ठेवून टोपी आवळली, परत उघडली, आणि चेपलेल्या तारेची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून तेलासाठी किती फट राहते ते पाहिले. तार जितकी रुंद पसरेल तितकी फट कमी. गॅस्केटचा संच पुतण्याच्या लंडनमधल्या मित्राने पाठविला. तेथे ही इंजिने अद्याप भंगारात आणि वापरात दोन्हीकडे आहेत.

जोडणीचा दिवस ठरविताना मिस्त्रींनी मागाच्या सुट्टीचा दिवस निवडला. हेडचे बोल्ट नवे घेतले होते, कारण ते एकदा ताणले गेले की परत पूर्वीसारखे ताणत नाहीत. बोल्ट आवळणे म्हणजे वस्तुतः त्याला स्प्रिंगेप्रमाणे किंचित लांबविणे होय, आणि टॉर्क पान्यावर जो आकडा दिसतो त्यातला साधारण नव्वद टक्के जोर घर्षणाच्या पोटात जातो, निम्मा डोक्याखाली आणि उरलेला आट्यांत. बोल्ट ताणण्याला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. घर्षण तर तेलाच्या एका थेंबाने बदलते. म्हणून आधी हलक्या हाताने सर्व बोल्ट सारखे बसवावयाचे आणि मग पान्याऐवजी कोन मोजावयाचा: मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, प्रत्येकाला ठरलेले अंश. तात्यांनी शाळेतला कोनमापक आणला. मिस्त्री पान्याचा दांडा फिरवीत होते आणि तात्या गुडघ्यांवर वाकून अंश वाचून दाखवीत होते, जणू लिलावाची बोली पुकारली जात होती. मग टायमिंगचा पट्टा: क्रँकच्या दोन फेऱ्यांत वरचा कॅम एकच फेरी करतो, आणि तीन हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो-मिटतो, पट्टा एका दात्याने जरी चुकला तरी ते सर्व भलत्या वेळी होऊ लागते. खुणा जुळल्यावर क्रँक हाताने पुरत्या दोन फेऱ्या फिरवून परत पाहिल्या. जुळलेल्या होत्या.

तेलाची जाळी बसविण्यापूर्वी मिस्त्रींनी ती उजेडात धरली. कोपऱ्यात एक पांढरा धागा होता, नखाएवढा. ताडपत्री, पोते, काठ शिवलेले तुकडे, मागाची सुट्टी, एवढे असूनही तो आला होता. त्यांनी तो चिमट्याने काढला आणि तात्यांनी तो वहीत, शेऱ्याच्या खान्यात, चिकटविला.

इंजिन परत आत बसवताना टायमिंगच्या कव्हराच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक रिकामे राहिले. मिस्त्री संतापले, पोरांनी बोल्ट हरवला, आता कव्हर थरथरणार, असे ते बोलू लागले आणि पुतण्या पुठ्ठे उलटेपालटे करू लागला. तात्यांनी चष्मा लावला, वहीची पाने मागे उलटली आणि सदतीसावी नोंद वाचून दाखवली: “कव्हर, वरचा डावा बोल्ट. मुळात नाही.”

तो बोल्ट रविवारच्या बाजारात, जुन्या लोखंडाच्या एका गाड्यावर, दहा रुपयांना मिळाला. पाणी भरून हवा काढली, इंजेक्शन आणि ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने तेल वर चढविले, तेलाच्या दाबाचा दिवा विझला, आणि मग जोडण्या लावून चावी फिरवली. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागले. पलीकडचे माग चालू होते, त्यामुळे पहिले काही क्षण आम्हाला ते ऐकूच आले नाही. मिस्त्रींनी हेडवर तळहात ठेवून मान हलवली तेव्हा कळले. पहिल्या आठवड्यात पाणी अर्धा लिटर कमी झाले, हवेचा उरलेला फुगा निघाल्यामुळे, आणि मग कमी होणे थांबले. ती नोंद तात्यांनी केली आणि तिच्याखाली रेघ मारून सही केली.